शाळेतील मत्स्यालय आणि ‘स्वॉर्ड’ वनस्पती : ओळख, पूर्ण वाढ आणि गावतळ्याची काळजी



बीड जिल्हा आणि काचेच्या टाकीतील शोभेची वनस्पती हे शब्द एकत्र उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहणे साहजिक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही अनेकदा हुलकावणी देतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दोन्ही टंचाईच्या वर्षांत येथील गावेच्या गावे टँकरच्या पाण्यावर जगली. अशा ठिकाणी शाळेच्या वर्गात मत्स्यालय मांडून त्यात पाने वाढविण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, पाण्याचे मोल ज्या मुलांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांनाच पाण्यातील जीवसृष्टीचे नियम सर्वांत लवकर समजतात. दोन फूट लांबीच्या टाकीत वनस्पती, मासा, वाळू आणि प्रकाश यांचे परस्परसंबंध डोळ्यांसमोर उलगडतात. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. शोभेच्या पाणवनस्पती आता मोठ्या शहरांतून तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचल्या आहेत. टाकीत न मावणारी वनस्पती उपटून जवळच्या ओढ्यात, विहिरीत वा पाझर तलावात टाकली गेली, तर त्याचा भुर्दंड सबंध गावाला भरावा लागतो. म्हणून टाकीत काय लावले आहे आणि ते किती वाढणार आहे, हे आधी ओळखता येणे हा केवळ छंदाचा भाग राहत नाही. तो सार्वजनिक जबाबदारीचा भाग ठरतो.

‘स्वॉर्ड’ म्हणजे नेमके काय?

मत्स्यालयाच्या दुकानात सर्वाधिक मागणी असलेल्या वनस्पतींत ‘अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड’ हे नाव हमखास असते. तलवारीच्या पात्यासारखी लांब, टोकदार पाने असल्यामुळे हे नाव पडले. शास्त्रीय परिभाषेत ही प्रजाती ‘एकिनोडोरस’ होय. तिच्या फळांचे काटेरी दिसणारे गोल झुबके पाहून हे नाव ग्रीक शब्दांवरून घडविण्यात आले. तिचे मूळ स्थान अमेरिका खंड. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंतच्या दलदली, ओढे आणि पूरमैदाने हे तिचे घर. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते, पाणी ओसरले की ओल्या चिखलात उघड्यावर वाढते. हा दुहेरी स्वभाव लक्षात घेतला नाही, तर तिच्या ओळखीत आणि आकाराच्या अंदाजात पुढे चुका होतात.

नावांचा गोंधळही थोडा नाही. चेक वनस्पतिशास्त्रज्ञ कारेल रातय यांनी १९७५ साली या प्रजातीचा सविस्तर आढावा घेतला. १९९४ साली हेन्स आणि होल्म-नील्सन या अभ्यासकांनी पूर्वी स्वतंत्र मानलेल्या अनेक जाती एकत्र केल्या. त्यामुळे दुकानात ‘ब्लेहेरी’, ‘अ‍ॅमेझॉनिकस’ आणि ‘पार्व्हिफ्लोरस’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या वनस्पती आज ‘एकिनोडोरस ग्रिसेबाकी’ या एकाच जातीचे प्रकार समजल्या जातात. २००८ साली लेहटोनेन आणि मिलिस यांच्या अभ्यासानंतर साखळीसारख्या पसरणाऱ्या लहान स्वॉर्ड ‘हेलँथियम’ या निराळ्या प्रजातीत गणल्या जाऊ लागल्या. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे. वनस्पतीचे नाव हे दगडावर कोरलेले अक्षर नसून निरीक्षण वाढते तसे सुधारत जाणारे ज्ञान आहे.

ओळखीच्या खुणा

स्वॉर्ड ओळखण्यासाठी पाच खुणा क्रमाने पाहाव्यात.

पहिली खूण पानांची मांडणी. जाड, आखूड मूलक्षोडातून सर्व पाने एकाच ठिकाणाहून गुच्छाने निघतात. उभे खोड आणि त्यावर पेरापेराला पाने अशी रचना दिसली, तर ती स्वॉर्ड नव्हे.

दुसरी खूण देठ आणि पाते. स्वॉर्डच्या बहुतेक प्रकारांत पानाचा देठ आणि रुंद पाते वेगळे ओळखू येतात. फितीसारखे, मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचे पान असेल तर ते बहुधा व्हॅलिस्नेरियाचे असते. मात्र अगदी लहान साखळी स्वॉर्डची पाने गवतासारखी बारीक असतात. तेथे या खुणेवर विसंबून राहू नये.

तिसरी खूण शिरा. पात्याच्या तळाशी अनेक मुख्य शिरा निघून त्या कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात आणि त्यांना आडव्या बारीक शिरा जोडतात. पान उजेडासमोर धरले असता काही जातींत पारदर्शक ठिपके, काहींत पारदर्शक रेषा दिसतात, तर काहींत त्यांचा मागमूस नसतो. जाती वेगळ्या करताना अभ्यासक या खुणेला मोठे महत्त्व देतात. साध्या भिंगाने वर्गातील प्रत्येक मुलाला ती पाहता येते.

चौथी खूण फुलोरा. पाण्याबाहेर येणाऱ्या लांब दांड्यावर टप्प्याटप्प्याने फुले लागतात. हिरवी संदले तीन, पांढऱ्या पाकळ्या तीन आणि मध्यभागी अनेक किंजदलांचा झुबका असतो. पाण्याखाली राहिलेल्या दांड्यावर फुलांऐवजी बालरोपे फुटतात. त्यांना मुळे आली की ती अलग करून लावता येतात.

पाचवी खूण पसरण्याची रीत. मोठ्या स्वॉर्ड आपल्या जागी गुच्छ वाढवीत राहतात. साखळी स्वॉर्ड मात्र वाळूलगत धावती खोडे सोडून हिरवळीसारख्या पसरतात.

दुकानातील फसगत

स्वॉर्डशी गल्लत होणाऱ्या वनस्पतींचे दोन गट आहेत. पहिल्या गटात खऱ्या पाणवनस्पती येतात. क्रिप्टोकोरिन ही अळूच्या कुलातील वनस्पती पानांच्या गुच्छामुळे स्वॉर्डसारखी भासते. परंतु तिच्या पानाला ठळक मधली शीर असते आणि फूल अळूच्या फुलासारखे आवरणात लपेटलेले असते. तिच्या काही जाती सह्याद्रीच्या नद्यांत निसर्गतः आढळतात. ‘ऑटेलिया अ‍ॅलिस्मॉइड्स’ ही भारतातील तळी आणि भातखाचरे यांत वाढणारी वनस्पतीही रुंद, पातळ, पाण्याखालच्या पानांमुळे स्वॉर्डची आठवण करून देते. तिच्या नावाचा अर्थच ‘अ‍ॅलिस्मासारखी’ असा आहे, आणि अ‍ॅलिस्मा हे स्वॉर्डच्याच कुलातील नाव होय. साताऱ्याच्या कास पठारावरील ‘वायतुरा’, म्हणजे १९८२ साली शास्त्राला परिचित झालेली ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’, ही आपल्या राज्याची खास पाणवनस्पती. दुर्मीळ असल्याने ती टाकीसाठी उपटून आणणे सर्वथा अयोग्य ठरेल.

दुसऱ्या गटात मुळात पाणवनस्पतीच नसलेली रोपे येतात. ‘ब्राझील स्वॉर्ड’ म्हणून विकले जाणारे रोप अनेकदा कुंडीत लावण्याचे स्पॅथिफायलम असते. ड्रॅसिना आणि क्लोरोफायटम यांचीही अशीच विक्री होते. ही रोपे पाण्यात काही आठवडे तग धरतात, नंतर कुजतात आणि पाणी नासवतात. पान जाड, चिवट, मेणासारखे चकाकणारे असेल आणि पाण्याबाहेर काढल्यावर ताठ उभे राहत असेल, तर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

परंतु येथे एक अडचण येते. खरी स्वॉर्डसुद्धा रोपवाटिकेत बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविली जाते. तशा रोपाचा देठ ताठ आणि पाते जाडसर, बहुधा अधिक रुंद व गोलसर असते. टाकीत लावल्यावर ही जुनी पाने हळूहळू पिवळी पडून गळतात आणि त्यांच्या जागी पातळ, लांबट पाने येतात. हे रोप मेले असे समजून अनेकजण ते फेकून देतात. प्रत्यक्षात ते पाण्याखालच्या जीवनाशी जुळवून घेत असते. म्हणून नव्या रोपाची ओळख विकत घेतलेल्या दिवशीच्या पानांवरून न ठरवता, टाकीत फुटलेल्या नव्या चार-पाच पानांवरून ठरवावी. बीचे पोत पाहून पिकाचा अंदाज घेणारा शेतकरीही रोप रुजल्यावरच वाणाची खात्री करतो.

पूर्ण वाढीचा हिशेब

दुकानात मिळणारे स्वॉर्डचे रोप बहुधा चार ते सहा इंचांचे असते. ते आहे तेवढेच राहील, हा समज सर्वांत महागात पडतो. पाण्याखाली पूर्ण वाढलेल्या वनस्पतींचे सर्वसाधारण आकार पुढीलप्रमाणे धरावेत.

साखळी स्वॉर्ड (हेलँथियम टेनेलम) : उंची ५ ते १० सेंटीमीटर, पसरट हिरवळ.

हेलँथियम बोलिव्हियानमचे ‘क्वाड्रिकोस्टाटस’ म्हणून विकले जाणारे रूप : सुमारे १० ते १५ सेंटीमीटर.

‘अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड’ (ग्रिसेबाकीचा ‘ब्लेहेरी’ प्रकार) : उंची ३० ते ५० सेंटीमीटर, घेर २५ ते ४० सेंटीमीटर.

उरुग्वेएन्सिस : उंची ३० ते ५५ सेंटीमीटर, अरुंद, लांब पाने.

कॉर्डिफोलियस : हृदयाकृती, रुंद पाने. जोमात आली की पाने पाण्याबाहेर डोके काढतात. उघड्या टाकीलाच किंवा हौदालाच योग्य.

आता हे आकडे शाळेतील नेहमीच्या टाकीला लावून पाहावेत. ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३६ सेंटीमीटर उंच टाकीत काठोकाठ सुमारे ६५ लिटर पाणी मावते. तळाशी ६ सेंटीमीटर वाळू आणि वर ४ सेंटीमीटर मोकळी जागा सोडली, तर पानांना मिळणारी उंची २६ सेंटीमीटर उरते. म्हणजे अ‍ॅमेझॉन स्वॉर्डची किमान पूर्ण उंचीसुद्धा या टाकीत बसत नाही. तिचा घेर टाकीची सगळी रुंदी व्यापतो. खालच्या रोपांना उजेड मिळत नाही आणि माशांना पोहायला जागा राहत नाही. अशा टाकीत साखळी स्वॉर्ड किंवा क्वाड्रिकोस्टाटस लावणे शहाणपणाचे. ज्यांना मोठी स्वॉर्डच हवी आहे, त्यांनी निदान ५० सेंटीमीटर उंचीची टाकी घ्यावी आणि तीत मधोमध मागील बाजूस एकच रोप लावावे.

हा आकार ठरतो कशावर? जातीच्या अंगच्या गुणांवर तर खराच, पण त्याखेरीज मुळांना मिळणारे अन्न, उजेडाचा कालावधी, वाळूची जाडी आणि पाण्याची खोली यांवरही. स्वॉर्ड आपले बरेचसे अन्न मुळांवाटे घेते. टाकी लहान आहे म्हणून रोप कायमचे लहान राहत नाही. ते उपाशी असेल तर खुरटते आणि अन्न मिळाले तर टाकी भरून टाकते. बाहेरची जुनी पाने बुडापासून कापून घेर काही काळ आटोक्यात ठेवता येतो; पण तो कायमचा उपाय नव्हे.

बीडचे पाणी, बीडची वाळू

बीडचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. विहिरी आणि विंधन विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. अशा पाण्यात स्वॉर्ड जगते, परंतु लोह सहज शोषले न गेल्याने नवी पाने फिकट पिवळी पडू शकतात. पावसाचे स्वच्छ साठविलेले पाणी निम्म्याने मिसळले तर जडपणा उतरतो. शाळेच्या छपरावरील पाणी साठविण्याची सोय असेल, तर तिचा हाही एक लाभ आहे.

तळासाठी शेतातील काळी माती वापरू नये. ती फुगते आणि पाणी गढूळ करते. स्वच्छ धुतलेली भरड वाळू घ्यावी. मात्र या भागातील मातीत चुनखडीचे खडे सर्रास आढळतात. वाळूवर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का, हे आधी पाहावे. आले तर त्या वाळूने पाण्याचा जडपणा आणखी वाढेल. रोप लावताना मुळे वाळूत आणि पाने फुटण्याचा कोंब वाळूच्या वर राहील, याची काळजी घ्यावी. कोंब गाडला गेला तर रोप कुजते.

उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. स्वॉर्डला साधारण २२ ते २८ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. टाकी खिडकीच्या थेट उन्हात न ठेवता वर्गाच्या उत्तरेकडील, सावलीच्या भिंतीला ठेवावी.

पाण्याच्या खर्चाचा हिशेबही मुलांकडूनच करून घ्यावा. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचे म्हटले तर ६५ लिटरच्या टाकीला सुमारे १६ लिटर पाणी लागते. काढलेले पाणी माशांच्या विष्ठेमुळे खतयुक्त असते. ते शाळेच्या आवारातील झाडांना घालावे. आणि ज्या वर्षी गावात टँकर सुरू होईल, त्या वर्षी मत्स्यालय बंद ठेवावे. येथे स्वॉर्डचा दुहेरी स्वभाव कामी येतो. रोप ओल्या वाळूच्या कुंडीत लावून, कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून, सावलीत दमट हवेत जगविता येते. टंचाई सरली की ते पुन्हा पाण्यात जाते. माणसाच्या तोंडचे पाणी शोभेसाठी खर्च होऊ नये, हा धडा वनस्पतिशास्त्राच्या धड्याइतकाच मोलाचा आहे.

टाकीतून तलावात नको

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. पुढे तिने नद्या-नाले असे व्यापले की बंगालमध्ये १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या निर्मूलनासाठी १९८२-८३ च्या सुमारास तिच्यावर जगणारे परदेशी भुंगेरे भारतात आणून बंगळूर परिसरातील तळ्यांवर सोडण्याचा प्रयोग झाला. तरीही आज महाराष्ट्रातील अनेक नद्या आणि जलाशय तिच्या विळख्यात आहेत.

स्वॉर्डच्याच कुलातील ‘लिम्नोकॅरिस फ्लाव्हा’ ही अमेरिकेतील पिवळ्या फुलांची वनस्पती केरळमधील भातशेतीत तण होऊन बसली आहे. मत्स्यालयांत लावली जाणारी ‘कॅबोंबा’ केरळच्या कालव्यांत पसरली; २०२० साली कोळिकोड जिल्ह्यातील आवळपांडी येथे तिच्या गुलाबी फुलांनी पाणी झाकले गेले तेव्हा ते पाहण्यासाठी गर्दी लोटली. पण फुलांखालचे पाणी मात्र कोंडलेलेच होते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. आपल्याकडील तळ्यांत निमूटपणे वाढणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तेथे तिने जलमार्ग अडविले. एखादी वनस्पती मूळ स्थानी सोज्ज्वळ असली म्हणजे परक्या पाण्यात ती तशीच राहील, असा भरवसा धरता येत नाही.

बीडला हा धोका अधिक का भोवेल, हे पंचायत सदस्यांना सांगावे लागू नये. सिंदफणेवरील माजलगाव, मांजरेवरील धनेगाव आणि पालीजवळील बिंदुसरा या प्रकल्पांपासून गावोगावच्या पाझर तलावांपर्यंत प्रत्येक साठ्यावर पिण्याचे पाणी, शेती, गुरे आणि मासेमारी अवलंबून आहे. सोळाव्या शतकात बांधलेली बीडची खजाना विहीर आजही पाण्याच्या जपणुकीची साक्ष देत उभी आहे. तणाने झाकलेल्या पाण्यात प्राणवायू घटतो, मासे मरतात, डासांना आसरा मिळतो, आणि जलपर्णीसारख्या वनस्पतींच्या पानांवाटे मोकळ्या पाण्यापेक्षा अधिक बाष्प उडून जाते. दुष्काळी भागात हा तोटा सर्वांत जास्त झोंबतो.

म्हणून काही नियम शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. टाकीतील कोणतीही वनस्पती, तिचे तुकडे किंवा बालरोपे ओढ्यात, तलावात वा विहिरीत टाकू नयेत. नको असलेले रोप कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खतखड्यात टाकावे. टाकीचे पाणी झाडांना घालावे, गटारात किंवा नाल्यात सोडू नये. वाढलेली रोपे दुसऱ्या शाळेला द्यावीत, पण सोबत रोपाचे नाव आणि पूर्ण वाढीची उंची लिहिलेली चिठ्ठी अवश्य द्यावी.

शाळा आणि पंचायत यांचे एकत्रित काम

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. गावातील तलावात आज कोणत्या पाणवनस्पती आहेत, याची नोंद या वहीत असेल, तरच उद्या आलेली परकी वनस्पती वेळीच लक्षात येईल. गावात सर्व पाणगवताला सरसकट ‘शेवाळ’ म्हणण्याची रीत आहे. मुलांनी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, ऑटेलिया, कमळ, शिंगाडा वेगवेगळे ओळखले, पान-फूल-फळाची चित्रे काढली आणि पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याआधी अशी वर्षातून दोनदा तलावाची पाहणी केली, तर ती नोंदवही खऱ्या अर्थाने जिवंत होईल.

वर्गातील टाकीत मुलांनी दर आठवड्याला स्वॉर्डच्या सर्वांत लांब पानाची लांबी मोजावी, पानांची संख्या लिहावी आणि आलेख काढावा. सहा महिन्यांत त्यांना दिसेल की चार इंचांचे रोप किती झाले. वाढीचा हा आलेख ज्याने स्वतःच्या हाताने काढला आहे, तो विद्यार्थी उद्या सरपंच, ग्रामसेवक वा अभियंता झाला तरी तलावाच्या काठावर उगवलेल्या एका अनोळखी पानाकडे दुर्लक्ष करणार नाही. एक रोप उपटायला क्षण पुरतो. तलाव भरून गेल्यावर तो मोकळा करायला वर्षे आणि निधी दोन्ही अपुरे पडतात. शाळेने ओळख शिकवावी, पंचायतीने नोंद ठेवावी आणि प्रशासनाने दोघांना साथ द्यावी. असे झाले, तर दोन फुटांच्या काचेच्या टाकीतून मिळालेले ज्ञान बालाघाटच्या पायथ्याशी असलेल्या प्रत्येक पाझर तलावाच्या उपयोगी पडेल.